तिथीचा रकाना

टार्बर्ट, हॅरिस बेट, स्कॉटलंड
रविवार

ती. बाबांस,


फोन केला की तुम्ही "सगळे बरे ना? बरं, बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देऊन मोकळे होता. म्हणून हे पत्र. शिवाय कालचा दिवस असा गेला की तो एस.टी.च्या माणसालाच सांगायला हवा. गुहागर डेपोच्या कंट्रोलर केबिनमध्ये तुम्ही अख्खी नोकरी काढलीत. चिपळूणहून निघालेली गाडी आता कुठे रखडली असेल, ते तुम्ही नुसतं आभाळाकडे बघून सांगायचात. काल इथे तुमची गरज होती. तुमचे जावई हुशार आहेत, पण त्यांचा सगळा भरवसा एक्सेलवर.

झालं असं. जूनअखेर मुलांच्या शाळांना सुट्टी लागली. सासूबाई इचलकरंजीहून आलेल्याच होत्या. यांनी जाहीर केलं, "ग्लासगोत बसून पाऊस बघण्यापेक्षा बेटांवर जाऊन बघू." स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर अटलांटिकात बेटांची एक लांबलचक ओळ आहे, आउटर हेब्रिडीज म्हणतात तिला. खालून वर मोजत गेलं तर बॅरा, एरिस्के, साउथ युइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ युइस्ट, बर्नरे आणि मग हॅरिस. हॅरिसला लागूनच वर लुइस. लुइस आणि हॅरिस ही नावं दोन, बेट एकच. आम्ही बॅरावर मुक्काम टाकला होता आणि काल एका दिवसात हॅरिस गाठायचं होतं. म्हणजे आधी बोट, मग साठेक मैल रस्ता, मग पुन्हा बोट, आणि पुन्हा रस्ता. एक बोट चुकली की पुढचं सगळं कोसळलं.

यासाठी यांनी एक्सेलचा तक्ता केला होता. त्यात चहा होता, दोन्ही मुलांची शू होती, आणि एका ओळीत "आई – पूजा – १० मि." असंही होतं. सासूबाईंची पूजा दहा मिनिटांत बसवू पाहणारा माणूस पुढे समुद्राशी कसा वागणार, हे मला तिथेच कळायला हवं होतं. प्रवासाचे देव म्हणून त्यांनी दोनच मूर्ती आणल्या होत्या, तरी पंचवीस मिनिटं गेली. यांनी ती पंधरा मिनिटं न्याहारीतून कापली.

बॅराच्या ईशान्येला आर्डव्होर नावाचा धक्का आहे, तिथून पहिली बोट. तिथून जवळच विमानतळ आहे. बाबा, हा विमानतळ तुम्ही बघायलाच हवा. इथे डांबर नाही, सिमेंट नाही, विमान सरळ पुळणीवर उतरतं. वाळूच्या त्या विस्तीर्ण पट्ट्यावर लाकडी खुंट रोवून तीन धावपट्ट्या आखल्यात, आणि भरती आली की तिन्ही पाण्याखाली. ग्लासगोहून रोजचं विमान येतं, तिकीट काढून माणसं येतात, पण ते कधी उतरणार हे ओहोटी ठरवते. आम्ही गेलो तेव्हा सकाळच्या भरतीचं पाणी अजून पुरतं उतरलं नव्हतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी नळी काठीवर फडफडत होती, छोटी इमारत उभी होती, आणि समोर नुसता समुद्र. सासूबाईंनी काच खाली केली, नीट बघितलं आणि विचारलं, "अरे, विमान बुडालं की काय?"

"आई, ओहोटी लागली की येतं ते," हे म्हणाले.

"मग बोटीचंही तसंच असेल," सासूबाई म्हणाल्या. हे हसले. ते हसू मी लक्षात ठेवलंय.

पहिल्या बोटीचं काही सांगण्यासारखं नाही, ती वेळेवर आली आणि वेळेवर सुटली. आपल्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीसारखीच, तोंड उघडून गाड्या गिळणारी. फरक एवढाच की इथे कोणी हॉर्न वाजवत नाही आणि मोटारसायकल मध्येच घुसवत नाही. पिवळं जॅकेट घातलेला खलाशी बोटाने खूण करतो, त्याच रांगेत गाडी न्यायची, तो मूठ वळेल तिथे थांबायचं आणि हँडब्रेक ओढायचा. हा सगळा कारभार एक शब्द न बोलता. तुमच्या धाकट्या नातीला तो खलाशी इतका आवडला की ती दिवसभर आम्हाला तशाच खुणा करून खुर्चीवर बसवत होती.

चाळीस मिनिटांनी एरिस्के. लहानसं बेट, पण इतिहासात नको तितकं मोठं. २३ जुलै १७४५ ला राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट फ्रान्सहून येऊन स्कॉटलंडच्या भूमीवर पहिल्यांदा इथेच उतरला, आजोबांची गेलेली गादी परत मिळवायला. पुढच्याच वर्षी कलोडनला त्याचा धुव्वा उडाला. मग तो याच बेटांमधून लपतछपत फिरला, आणि शेवटी फ्लोरा मॅकडॉनल्ड नावाच्या साउथ युइस्टच्या मुलीने त्याला आपली मोलकरीण म्हणून बायकी पोशाखात होडीत घालून स्काय बेटावर पोचवलं. हे सगळं हे मुलांना सांगत होते. थोरल्याने एकच प्रश्न विचारला, "त्याचं बोटीचं बुकिंग होतं?"

एरिस्केची दुसरी गोष्ट मात्र यांनी मुलांना सांगितली नाही, मला सांगितली. फेब्रुवारी १९४१ मध्ये 'पॉलिटिशियन' नावाचं मालवाहू जहाज इथल्या खडकांवर चढलं. आत सुमारे २२,००० पेट्या व्हिस्की, अमेरिकेकडे निघालेली. युद्धाचे दिवस, रेशनिंग, गावात घोटभर मिळण्याची मारामार. गावकऱ्यांनी जहाजावरची माणसं आधी वाचवली आणि मग रात्री-अपरात्री जाऊन पेट्याही वाचवल्या. कस्टमवाले मागे लागले, लोकांनी बाटल्या मिळेल तिथे दडवल्या, काहींना तुरुंगवासही झाला. कॉम्प्टन मॅकेन्झीने त्यावर १९४७ मध्ये कादंबरी लिहिली आणि तिचा सिनेमा बॅरावरच चित्रित झाला. सासूबाई मागच्या सीटवर डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोपल्या. तर डोळे न उघडता म्हणाल्या, "बुडत्याचं घेतलं तर त्याला चोरी म्हणत नाहीत."

एरिस्केपासून पुढे बर्नरेपर्यंत मात्र समुद्र ओलांडायला बोट लागत नाही. बेटाबेटांच्या मध्ये दगडी भर घालून समुद्रातून रस्ते बांधलेत. एरिस्केचा २००१ चा, बर्नरेचा १९९९ चा. बेनबेक्युलाच्या उत्तरेचा मात्र जुना, १९६० चा. त्याआधी लोक ओहोटीला वाळूतून चालत किंवा घोडागाडीने पलीकडे जात, आणि वेळ चुकली, धुकं आलं, तर भरती गाठायची. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. यांनी घड्याळ बघितलं.

या रस्त्यांवर लाल त्रिकोणी पाट्या आहेत : ऊद रस्ता ओलांडतात, गाडी सावकाश चालवा. ऊद म्हणजे आपल्याकडे खाडीत दिसतात तसलीच पाणमांजरं. बांध घातल्यामुळे त्यांना या पाण्यातून त्या पाण्यात जायला डांबरावरून जावं लागतं. मुलांनी काचेला नाकं लावली. ऊद एकही आला नाही. मेंढ्या मात्र आल्या, आणि रस्त्याच्या मधोमध बसल्या. हॉर्न दिला तर बघतात, उठत नाहीत. एक्सेलमध्ये मेंढ्यांना ओळ नव्हती.

आता रस्त्याचं सांगते, हे तुमच्या आवडीचं. बऱ्याच ठिकाणी रस्ता एकपदरी, एकच गाडी जाईल एवढा. थोड्या-थोड्या अंतरावर कडेला फुगीर जागा केलेली असते, तिथे आपण थांबायचं आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. मागून कोणी घाईत असेल तर त्यालाही पुढे सोडायचं, आणि तिथे गाडी लावून फोटो काढत बसायचं नाही. कुंभार्ली घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असं तुम्ही शिकवायचात. इथे ज्याला जागा जवळ, तो थांबतो. ते ठरतं दोनशे मीटरवरून, नुसत्या अंदाजाने. आणि जाताना दोघेही हात दाखवतात. इथले लोक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात, बस. आमच्या सासूबाई काचेतून अख्खा हात बाहेर काढून हलवत होत्या, पालखीतून निघाल्यासारख्या. समोरचे लोक चकित होऊन हळू व्हायचे. एक ट्रॅक्टरवाला तर थांबलाच, त्याला वाटलं काही अडचण आहे. अडचण नाही हे समजावण्यात चार मिनिटं गेली. त्याच्याशी बोलणं झाल्यावर सासूबाईंनी त्याला भडंगाची पुडी दिली.

साउथ युइस्टवर त्यांची कळी आणखी खुलली. दक्षिणेकडची ही बेटं कॅथलिक आहेत, आणि रस्त्याच्या कडेला मेरीच्या छोट्या देवळ्या लागतात. प्रत्येक देवळीशी सासूबाई हात जोडायच्या. मग रुएव्हाल नावाच्या टेकडीच्या अंगावर मेरीची मोठी मूर्ती दिसली, बाळाला घेतलेली, शिल्पकार ह्यू लॉरिमरने १९५७ मध्ये घडवलेली, नऊ मीटर उंच. तिच्याच वर, टेकडीच्या माथ्यावर, लष्कराच्या क्षेपणास्त्र-केंद्राचे गोल घुमट. ते केंद्र इथे होऊ नये म्हणून गावच्या पाद्र्याने मोठं रान उठवलं होतं. केंद्र झालंच, पण मूर्तीही उभी राहिली, अगदी त्याच्या पायरीवर. "देवी आहे का?" सासूबाईंनी विचारलं. "आहे," मी म्हटलं. "मग गाडी थांबव." यांनी थांबवली. थांबवावीच लागते.

एवढं सगळं होऊनही आम्ही वेळेत होतो, आणि मग बेनबेक्युलाच्या विमानतळाजवळ तुमचे जावई स्वतःच थांबले. का? तर एक छोटं विमान उतरत होतं. सगळ्यांच्या लघुशंकेची मिनिटं मोजणारा माणूस कुंपणाशी उभा राहून विमान बघत होता! गाडीत आम्ही चौघं गप्प. मुलांनासुद्धा कळतं कधी बोलायचं नाही ते.

बेनबेक्युला ओलांडला की देवळ्या संपतात. नॉर्थ युइस्टपासून वर सगळे प्रेस्बिटेरियन, त्यांना मूर्ती चालत नाही. सासूबाईंनी दोन-तीन मैल वाट पाहिली आणि म्हणाल्या, "इथले देव घरात ठेवतात वाटतं." तोवर हे पाण्याच्या डबक्यांमधून, वळणावळणांतून गाडी अशी हाकत होते की तुम्ही असतात तर मेमो दिला असतात. नॉर्थ युइस्ट म्हणजे जमीन कमी आणि तळी जास्त. पश्चिम किनाऱ्याला वाळूवरच्या गवतात इतकी पिवळी-पांढरी फुलं आलेली की उतरून लोळावंसं वाटावं. कोणी उतरलं नाही. बोलायचीही सोय नव्हती.

बर्नरेच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट सुटायला पाच मिनिटं होती. यांनी स्टिअरिंगवर थाप मारली, आमच्याकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "बघितलंत? प्लॅनिंग!"

धक्क्यावर गाड्यांची रांग होती. बोट नव्हती. खालचा उतार पाण्यापर्यंत पोचतच नव्हता, मध्ये नुसतं शेवाळ आणि ओला खडक. पिवळ्या जॅकेटमधला एक गृहस्थ धातूच्या मगमधून चहा पीत होता. हे धावत त्याच्याकडे गेले. त्याने शांतपणे सांगितलं की पाणी फार खाली गेलंय, ते परत आलं की बोट येईल. कधी? त्याने समुद्राकडे बघितलं. वेळापत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलंच होतं, या मार्गाच्या काही फेऱ्या भरती-ओहोटीच्या अधीन. तुमच्या एस.टी.च्या वेळापत्रकाखाली असायचं ना, "बदल करण्याचा अधिकार राखून", तसलं. ते कोण वाचतो?

मी गुहागरची असून माझ्याही डोक्यात आलं नाही, पण सासूबाईंच्या आलं. त्या पिशवीतून कालनिर्णय घेऊनच फिरतात, माहीत आहे ना? पान उघडून त्यांनी चष्मा लावला. "परवा अमावास्या झाली. उधाणाचे दिवस. भरती मोठी तेवढीच ओहोटी मोठी. शाळेत शिकवलं होतं मला. तुझ्या त्या तक्त्यात तिथीचा रकाना आहे का रे?"

तिथीचा रकाना नव्हता. बाबा, सगळ्या जगाचं नियोजन करणाऱ्या कंपनीत तुमचे जावई काम करतात, आणि इचलकरंजीच्या, समुद्र म्हातारपणी बघितलेल्या बाईने त्यांना उधाण सांगितलं. हे गाडीत येऊन बसले आणि लॅपटॉप मिटला. मग सासूबाईंनी दशम्यांचा डबा उघडला. शेंगदाण्याची चटणी, लोणचं, वरून थर्मासचा चहा. शेजारच्या गाडीतलं म्हातारं जोडपं काचेतून बघत होतं, त्यांनाही एकेक दशमी गेली. त्यांच्याकडून शॉर्टब्रेड आलं. त्यांनीच सांगितलं की आताचे राजे चार्ल्स १९८७ मध्ये या बर्नरेवर एका शेतकरी कुटुंबाकडे येऊन राहिले होते, आणि बांधावरचा रस्ता झाला तेव्हा उद्घाटनालाही तेच आले. सासूबाईंना हे पटलं. राजाला शेत कळायला हवं, असं त्यांचं मत.

बोट आली ती कितीतरी उशिरा. आणि सुटल्यावर जी काय चालली! सरळ समोर हॅरिसचे डोंगर दिसतायत, आणि बोट चाललीय डावीकडे. मग एकदम उजवीकडे. मग जवळजवळ मागे. हिरवे-लाल बोये, त्यांच्या मधून नागमोडी. सासूबाईंनी माझ्या दंडाला घट्ट धरलं आणि कानात विचारलं, "हा प्यायलाय का गं? त्या बुडालेल्या जहाजातलं?" मी चौकशी केली. साउंड ऑफ हॅरिस ही खाडी उथळ आहे आणि पाण्याखाली खडकांचं आणि वाळूच्या पट्ट्यांचं नुसतं जाळं. त्यातून बोयांच्या खुणांनी आखलेली एकच वाट आहे. म्हणूनच ही बोट अंधारात सुटत नाही, हिवाळ्यात दिवस लहान झाला की फेऱ्याही कमी होतात. म्हणजे विमान ओहोटीच्या तालावर आणि बोट उजेडाच्या. बाबा, इथला कंट्रोलर समुद्र आहे. तो केबिनमध्ये बसत नाही आणि त्याला वरून फोन करून काही उपयोग नाही.

तासाभराने लिव्हरबर्ग. या गावाचं जुनं नाव वेगळंच होतं, १९२० मध्ये ते लॉर्ड लिव्हरह्यूमच्या नावावर झालं. कोण हा? विल्यम लिव्हर, सनलाइट साबणाचा. सनलाइट, लाइफबॉय, लिव्हर ब्रदर्स, आणि पुढे मुंबईत ज्याचं हिंदुस्थान लिव्हर झालं ते सगळं त्याच्याच घराण्यातलं! या माणसाने १९१८ मध्ये आख्खं लुइस विकत घेतलं, १९१९ मध्ये हॅरिस. इथे मासेमारीचं मोठं बंदर करायचं, माल बर्फात घालून देशभर विकायचा, असा त्याचा बेत. पण पहिल्या महायुद्धातून परतलेल्या लुइसच्या माणसांना कारखान्यातली नोकरी नको होती, वचन दिलेली जमीन हवी होती. तिथे जमेना म्हणून तो हॅरिसवर आला, या गावात धक्के बांधले, आणि १९२५ मध्ये वारला. कंपनीने काम बंद केलं. सासूबाईंनी ते छोटं, पावसात भिजणारं गाव पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या मामंजींची उभी हयात लाइफबॉयवर गेली. तेवढे पैसे इथे आले होते तर!"

हॅरिसचा पश्चिम किनारा काय सांगू? लस्कनटायरची पुळण एवढी पांढरी आणि पाणी एवढं हिरवं की फोटो पाठवला तर तुम्ही म्हणाल मालदीवला गेलात आणि खोटं बोलताय. हवा मात्र अशी की स्वेटर घालून वर रेनकोट.

पण सासूबाईंना पुळणीपेक्षा मोठं ठिकाण पुढे सापडलं. रस्त्याकडेच्या एका शेडमधून खडखड आवाज आला आणि त्या सरळ बसल्या. "माग!" इचलकरंजीच्या माणसाला तो आवाज कुठेही ओळखू येतो. आत एकटा विणकर पायाने माग चालवत हॅरिस ट्वीड विणत होता. वीज नाही, पायडल मारायचं. १९९३ चा पार्लमेंटचा कायदा आहे : लोकर याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड इथल्या माणसाने स्वतःच्या घरी हाताने विणलेलं. नाहीतर ते हॅरिस ट्वीड नव्हे. सासूबाईंनी ताणा बघितला, काठ चिमटीत धरून बघितला, मागे जाऊन बीम बघितला. विणकर इंग्रजीत बोलत होता, या मराठीत, आणि दोघेही दोऱ्याकडे बोट दाखवत होते. अर्धा तास. बाहेर येऊन यांना म्हणाल्या, "आपल्याकडे एक माणूस चार-चार माग बघतो. याला एकच, आणि त्याच्या मागे कायदा उभा." पुढे बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरचे माग भंगारात गेले ते तुम्हाला माहीत आहेच.

टार्बर्टला पोचायला रात्र झाली, पण अंधार झाला नव्हता. जूनमध्ये इथे उजेड जातच नाही म्हणा ना. मुलं झोपेनात.

आणि आज रविवार. हॅरिस आणि लुइसचा रविवार म्हणजे कडक सोवळं. बहुतेक दुकानं बंद, बहुतेक पेट्रोलपंप बंद, माणसं चर्चला. स्टॉर्नोवेहून रविवारची पहिली बोट सुटली ती २००९ मध्ये, आणि तेव्हाही धक्क्यावर विरोध करायला लोक उभे होते. तिथलं मोठं सुपरमार्केट रविवारी उघडायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. घरमालकिणीने काल प्रेमाने सांगितलं होतं की दूध-पाव आजच घेऊन ठेवा, आणि हो, उद्या शक्यतो कपडे बाहेर वाळत घालू नका, शेजारी जुन्या वळणाचे आहेत. मी ते यांना सांगितलं. यांनी ते सासूबाईंना सांगायचं होतं.

उद्या इथून बोटीने स्कायला, तिथून पुलावरून ग्लासगो. यांनी सकाळपासून नवा तक्ता केलाय, त्यात तिथी आहे, पक्ष आहे, नक्षत्रसुद्धा आहे. आईला सांगा, कोकमं पोचली, सोलकढी झाली, पण

बाबा, पत्र इथेच थांबवते. खिडकीतून बघतेय तर मागच्या अंगणात दोरीवर सासूबाईंची हिरवी इरकली साडी, संपूर्ण, अटलांटिकच्या वाऱ्यावर आडवी ताठ उभी, आणि समोरच्या रस्त्याने काळे कोट घातलेली मंडळी चर्चमधून परत येतायत. सासूबाई दारात उभ्या राहून त्यांना अख्खा हात हलवून दाखवतायत. पळते.

तुमची,
ठमी

ता. क. साडी काढली. एक आजीबाई थांबून काठाचं कौतुक करून गेल्या. सासूबाई आता विचारतायत की पुढच्या रविवारपर्यंत इथेच राहिलो तर चालेल का.